दोन वेळचा धूप

मयताच्या मोठ्या मुलाला परतीचं विमान गाठायचं होतं, म्हणून दफन भराभर उरकलं आणि अबूना बिसेंती भर दुपारीच घरी पोहोचला. एरवी सोमवारी अंधार पडायच्या आत हा धर्मगुरू घरी सापडायचा नाही. आणि त्याची बायको नेविन सोमवारी दुपारी, मुली शाळेत असताना, निजायच्या खोलीचं दार लावून टॅबवर डॉक्टर रामेझशी बोलायची. या दोन गोष्टींची आजवर कधी गाठ पडली नव्हती. बुटांना दफनभूमीची माती लागलेली, म्हणून ते दाराबाहेरच काढून तो नुसत्या मोज्यांवर आत आला, आणि पाणी घ्यायला स्वयंपाकघराकडे वळतोय तोच बंद दारामागून नेविनचा आवाज आला. “रऊफला मी अजून विसरले नाहीये, डॉक्टर. खोटं कशाला बोलू? रोज आठवतो.”

अबूना बिसेंती तिथेच थबकला. रऊफ? कोण रऊफ? नाईलकाठच्या शुब्रा वस्तीतल्या त्या गल्ल्यांमधली माणसं त्याला नावानिशी पाठ होती, आणि ती पाठ झाली होती धुपामुळे. धूपाटणं हलवत तो बाकांमधून फिरायचा तेव्हा माणसं पुढे वाकून त्याच्या कानाशी नावं पुटपुटायची: अबूना, माझ्या आईची आठवण ठेवा, अबूना, आमच्या पोराला, नशातला, विसरू नका. ती नावं घेऊन त्याने वेदीपाशी परत जायचं आणि देवासमोर ठेवायची. संध्याकाळच्या धुपाला गेलेल्यांची नावं, सकाळच्या धुपाला आजाऱ्यांची आणि प्रवासाला गेलेल्यांची. हा नेम त्याच्या आजा-पणजाच्याही कितीतरी आधीपासूनचा. तेव्हा त्याचं मन आपोआप धुपाच्या वाटेनेच निघालं. एक रऊफ संध्याकाळचा होता, सोनाराच्या दुकानातला म्हातारा, उन्हाळ्यात वारलेला. एक सकाळचा, मूत्रपिंडाचा आजारी. एक कुवेतला नोकरीला. त्याची बायको दर शुक्रवारी त्याचं नाव इतक्या घाईने पुटपुटायची की तो परत येऊ नये असंच तिला वाटत असावं. आणि एक कुठल्याच धुपात नसलेला, धडधाकट, एसी दुरुस्त करणारा रऊफ. तो मागच्या उन्हाळ्यात घरी येऊन गेला होता. बाह्या दुमडून स्टुलावर चढला होता आणि नेविनने त्याला लिंबू सरबत दिलं होतं, बर्फ घालून. अबूनाच्या डोळ्यांसमोर त्या माणसाचे पिळदार दंड उभे राहिले आणि स्वतःचे दंड त्याने झग्यावरून चाचपून पाहिले. दाढीवाल्या, जाडजूड, काळा पायघोळ झगा घातलेल्या माणसाने स्वतःच्या घरात मोज्यांवर उभं राहून असं काही ऐकणं किती हास्यास्पद दिसत असेल, हेही त्याला त्याच क्षणी दिसत होतं. पण पाय निघेना.

“रताळी आणायचा,” आत नेविन सांगत होती. “गाडीवरची, भाजलेली. कागदात नाही, सरळ कोटाच्या खिशात घालून. मी हात घातला की खिसा असा गरम असायचा. नाईलकाठी कठड्याला टेकून खायचो. मी साल काढत बसायचे आणि तो सालासकट खायचा, गाढव!” आणि ती हसली. ते हसू ऐकून त्याच्या उजव्या मांडीला एकदम ऊब जाणवली, कापडातून आत येणारी, किंचित चिकट, गोड वासाची ऊब. आणि मग कुठे त्याला कळलं की हा रऊफ कोण ते. बाराएक वर्षांपूर्वी तो स्वतःच रऊफ होता.

खरं तर सुटकेचा निःश्वास टाकायचा तो क्षण. टाकलाही त्याने. पण मनातली जळजळ काही शमली नाही. उलट एसीवाल्याकडून सुटून ती जास्तच मोकळी हिंडायला लागली. रऊफ औषधाच्या दुकानात बसायचा, संध्याकाळी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायचा, आणि नेविन एका शाळेत फ्रेंच शिकवायची. मग चर्चच्या लोकांनी बिशपांकडे जाऊन सांगितलं की आम्हाला धर्मगुरू म्हणून हाच पोरगा हवा. अशा वेळी बायकोची संमती विचारतात. बिशपांनी विचारली, आणि ती ‘हो’ म्हणाली. हो म्हणाली एवढं त्याला पक्कं आठवत होतं. कशी म्हणाली, ते मात्र आठवेना. मग दीक्षा, नवं नाव, आणि रिवाजाप्रमाणे चाळीस दिवस वाळवंटातल्या मठात. तो परत आला तेव्हा गल्लीत ही गर्दी, बायका जीभ हलवून आनंदाचा कल्ला करतायत, कुणी त्याच्या झग्याचं टोक ओढतंय. नेविन सगळ्यांच्या मागे उभी होती. लोकांनी वाट करून दिली, ती पुढे आली, आणि बाकीच्यांनी केलं तेच तिने केलं; वाकून त्याच्या हाताचं चुंबन घेतलं आणि म्हणाली, “या, अबूना.” अबूना म्हणजे आमचे बाबा. त्या वेळी त्याला केवढा अभिमान वाटला होता! बायको किती पटकन समजली, असं तो नंतर दुसऱ्या धर्मगुरूंना सांगायचासुद्धा. तेव्हापासून लोकांच्या तोंडी ती ‘तासोनी’ झाली, म्हणजे ताई, आणि तिच्या तोंडी तो ‘अबूना’ आणि ‘तुम्ही’. लोकांत तुम्ही, घरात तुम्ही, अंथरुणातही तुम्ही. अबूना, जेवलात का. अबूना, दिवा घालवा. त्याच्याविषयी दुसऱ्याशी बोलतानाही ‘ते’: ते आलेत, ते झोपलेत. आणि आत, त्या दारामागे, एका स्पोर्ट्स शूज घालणाऱ्या डॉक्टरपुढे, ‘तो’ यायचा. तो सालासकट खायचा. गाढव. गाढव म्हणून घ्यायला त्याने या क्षणी काय वाटेल ते दिलं असतं.

मग डॉक्टरचा आवाज आला, मऊ, कुठलीही घाई नसलेला. अबूनाला त्या आवाजाचा फार राग यायचा. “आज थांबण्याआधी प्रार्थना करावीशी वाटतेय का, की नको? दोन्ही चालेल.” आणि नेविन प्रार्थना करायला लागली. स्तोत्रं नाही, प्रहराप्रहराच्या प्रार्थनांच्या पोथीतलं काही नाही, साधं बोलणं. “देवा, मी तुझ्यावर रागावलेय. तू मला विचारलंस आणि मी हो म्हटलं, मान्य. पण तू काय मागतोयस ते सांगितलं नाहीस.” अबूना बिसेंतीने भिंतीला हात टेकला. रात्री घरच्या प्रार्थनेला हीच बाई त्याच्या शेजारी उभी राहून नुसते ओठ हलवायची. दोन वर्षांपूर्वी ती नळ सोडून तासन्‌तास न्हाणीघरात बसून राहायला लागली तेव्हा त्याने तेलाने तिच्या कपाळावर क्रूस काढला होता, घरभर तीर्थ शिंपडलं होतं, तिला नेऊन संतांच्या अस्थींना हात लावायला लावला होता. ती आज्ञाधारकपणे सगळ्याला मान पुढे करायची आणि परत जाऊन नळ सोडायची. प्रभुभोजनालाही येईनाशी झाली. त्याच्याच हातून चमच्याने घ्यायचं ते पवित्र रक्त, आणि बायकांच्या रांगेत बायकोचाच पत्ता नाही! आणि आता प्रार्थना करते तर इथे, त्या रामेझसमोर. त्याने हलकेच बूट उचलले, जिना उतरला, दोन गल्ल्या फिरला, आणि मग नेहमीसारखी बेल वाजवून घरी आला. “आज लवकर आलात, अबूना?” नेविन म्हणाली. तिचे डोळे धुतलेले होते आणि चेहरा ताजा दिसत होता.

गंमत अशी की हा सगळा उद्योग मुळात त्याचाच होता. चर्चशेजारच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सल्ल्याची खोली काढायची ही कल्पना त्याची, रामेझला शोधून आणला तो त्यानेच. शरीर आजारी पडतं तसं मनही पडतं, त्याला पाप म्हणू नये, देवानेच वैद्य निर्माण केलाय, असं त्याने भर उपासनेत ठणकावून सांगितलं होतं, आणि म्हातारे कुरकुरले होते आणि तरुणांनी मोबाईलवर ते प्रवचन एकमेकांना पाठवलं होतं. आपला अबूना पुढारलेला, असं गल्लीत बोलत. नेविनला तिथे जा असं मात्र त्याने सांगितलं नव्हतं. ते सांगितलं अबूना लूकाने, म्हाताऱ्याने, जो पलीकडच्या चर्चमध्ये होता आणि ज्याच्यापाशी नवराबायको दोघंही पापनिवेदन करायचे. कारण बायकोने स्वतःच्या नवऱ्यापाशी पापनिवेदन करायचं नसतं, मग तो कितीही मोठा धर्मगुरू असो. तासोनीने तिसऱ्या मजल्यावर सगळ्यांच्या देखत बाकावर बसणं बरं दिसेना, म्हणून टॅब आणि बंद दार. त्या वेळी त्याला यात काही खुपलं नव्हतं. गोळ्या रामेझच्या ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञाने लिहून दिल्या तेव्हा तर तो खूशच झाला होता. गोळ्या त्याच्या जुन्या इलाख्यातल्या होत्या, पाकीट हातात घेऊन त्याने तिला मात्रा वगैरे नीट समजावली होती. गोळ्यांनी काय ते बोलावं, माणसांनी नको, असं काहीतरी त्याच्या मनात असणार.

मंगळवारी पापनिवेदनाच्या वेळी तो वेदीच्या बाजूला खुर्ची टाकून बसला आणि समोर फक्त तिघं आली. पूर्वी रांग दारापर्यंत जायची. मादाम सोहेर नावाची एक विधवा पूर्वी आठवड्याला एकदा येऊन तास तास रडायची. ती आज दोन मिनिटांत उठली. “झालं?” तो न राहवून म्हणाला. “झालं की. पापं तेवढीच, अबूना,” ती प्रसन्न चेहऱ्याने म्हणाली. “बाकीचं मी वर सांगते, डॉक्टरांना. तुमचं डोकं कशाला खायचं? आणि खरं सांगू, रागावू नका, तुम्ही लगेच साष्टांग घालायला सांगता. माझे गुडघे गेलेत. ते नुसतं ऐकतात.” तिने त्याच्या हाताचं चुंबन घेतलं आणि जिन्याकडे गेली, आणि अबूना तिच्या गुडघ्यांकडे बघत राहिला, तिसरा मजला चढायला ते गुडघे बरे चालत होते.

पाठोपाठ वगीह आला. चर्चचा हिशेब, चाव्या, दिवे, पंखे सगळं वगीहच्या ताब्यात. “अबूना, गायकवृंदाची पोरं जिन्यात पियानो मांडून सराव करतात. ती तिसऱ्या मजल्यावरची खोली मोकळी झाली तर? डॉक्टर काय, बाहेर दवाखाना थाटतील. आणि लोकही बोलतात हो. म्हणतात, जे अबूनाला सांगायचं ते आता पँटवाल्याला सांगतात.”

“लोक म्हणतात, की तू म्हणतोस?”

“मी पण लोकच की, अबूना. तुमच्या एका शब्दाचा प्रश्न आहे. शुक्रवारी उपासना झाली की समिती बसतेय. तुम्ही मान हलवा, शनिवारी पियानो वर.”

एका शब्दाचा प्रश्न. दिवसभर ते शब्द त्याच्याबरोबर फिरले. खोली गेली की रामेझ जाईल. दूर कुठेतरी जाईल, आणि तासोनीने परक्या डॉक्टरशी बोलत राहणं बरं दिसणार नाही, हळूहळू आपोआप बंद पडेल. कुणी कुणाला मनाई केली असं होणार नाही. गायकवृंदाची सोय झाली एवढंच. हे सगळं त्याने शब्दांत मांडलंही नव्हतं, तरी ते तयार शिवलेल्या कपड्यासारखं समोर आलं आणि अंगाला बरोबर बसलं. संध्याकाळी जिन्यात रामेझ भेटला. हातात दुचाकीचं हेल्मेट, खांद्याला पिशवी, वय असेल नेविनपेक्षा थोडं कमीच. अबूनाने सहज विचारावं तसं विचारलं, “काय डॉक्टर, आमच्या घरचं माणूस काय म्हणतंय?” रामेझ हसला नाही, गडबडलाही नाही. “ते त्यांनाच विचारा ना, अबूना. तुमचं तोंड शिवलेलं असतं तसंच माझंही.” मग एक पायरी उतरून थांबला. “विचारलंत तर त्यांना बरं वाटेल, एवढं मी माझ्या जबाबदारीवर सांगतो.” या पोराला कधीच स्वतःचं नाव बदलावं लागलेलं नाही, असं अबूनाच्या मनात आलं. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात आणि त्याची बायको, असेल ती, त्याला रामेझच म्हणत असेल. अरे रामेझ म्हणत असेल. आणि हा माणूस रऊफला ओळखतो. माझ्या घरात आता कुणी न पाहिलेला, मीही विसरलेला माणूस, याला माहीत आहे. त्याने रताळी कुठून घेतली, कशी खाल्ली, तो काय बोलून तिला हसवायचा, सगळं. त्याला वाटलं की त्या बंद खोलीत तिघंजण असतात आणि रऊफ तिथे पाय पसरून बसलेला असतो, दाढी नसलेला, बारीक, कानामागे पेन खोचलेला. त्याच्या घराची बेल वाजत नाही. त्याला कुणाच्या मयताला जायचं नसतं. त्याचं पोट सुटलेलं नाही आणि आता कधी सुटणारही नाही. अशा माणसाशी कुणी बरोबरी कशी करायची?

बुधवारी तो अबूना लूकाकडे गेला. म्हाताऱ्याला आता ऐकू येईनासं झालं होतं. पापनिवेदन करायचं तर ओरडावं लागे, आणि त्यासाठी तो बाहेरच्या बाकावरच्या लोकांना अंगणात पाठवून द्यायचा, तरी खिडकी उघडीच असायची. “मत्सर!” अबूना बिसेंती त्याच्या कानाशी म्हणाला.

“काय? मटार?”

“मत्सर वाटतो, अबूना! मला!” अंगणात कुणीतरी खोकलं.

“हां, हां. कुणाचा? त्या डॉक्टरचा?”

“त्याचा पण.” मग त्याने मान खाली घातली. “आणि रऊफचा.”

म्हाताऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या. “कोण रऊफ? तो एसीवाला?”

“मी, अबूना! मी! रऊफ म्हणजे मीच!”

म्हाताऱ्याला ते नाव आठवायला वेळ लागला, आणि आठवल्यावर तो इतका हसला की त्याला ठसका लागला आणि पाणी द्यावं लागलं. “दुसऱ्याच्या बायकोचा लोभ धरू नये, हे लिहिलेलं आहे,” तो डोळे पुसत म्हणाला. “स्वतःच्या बायकोने स्वतःच्याच नवऱ्याचा लोभ धरला तर काय करायचं, हे मला कुठं वाचल्याचं आठवत नाही.” अबूना बिसेंतीने मग ज्यासाठी आला होता ते सांगितलं: तिचं आता बरं आहे, तेव्हा तुम्हीच तिला सांगावं, पुरे झालं म्हणून. तुमचा शब्द ती मोडणार नाही. म्हाताऱ्याचं हसू ओसरलं. “तू पापनिवेदनाला आलायस की बायकोची चहाडी करायला? तिला मी पाठवलंय. ती माझ्यासमोर बसायची आणि चूक सापडत नाही म्हणून रडायची. लोक चूक करून रडतात, ही न करता रडत होती. तिथं माझं काम नव्हतं. आपलं काम नाही हे कळायला मला सत्तर वर्षं लागली, आणि तू माझ्याकडून ते काढून घ्यायला आलास? जा.” “प्रायश्चित्त?” अबूना बिसेंतीने विचारलं. “काही नाही. साष्टांगाने हे जायचं नाही.” प्रायश्चित्त न मिळाल्यामुळे तो जास्तच अस्वस्थ झाला; पाप तसंच्या तसं खिशात घालून परत आणल्यासारखं वाटलं.

गुरुवारी दुपारी त्याने रताळी घेतली. गाडीवाल्याने ‘बाबांकडून पैसे कसे घेऊ’ म्हणत नको नको केलं, याने जबरदस्तीने दिले, आणि “कागद नको” म्हणाला. ती दोन गरम रताळी झग्याच्या खिशात सरळ घातली. पण हा खिसा कोटाचा नव्हता. तो गुडघ्यापर्यंत खोल, आणि त्यात अभिषेकाच्या तेलाची कुपी, हातात धरायचा क्रूस, चाव्या, कुणी दिलेल्या गोळ्या. वाटेत चार जणांनी थांबवलं. एकीने नातवाच्या परीक्षेसाठी डोक्यावर हात ठेवायला लावला, एकाने भावाशी चाललेल्या भांडणाची पहिल्यापासून कहाणी सांगितली, आणि तो मान हलवत असताना रताळी त्याच्या पायाला लागून थंड होत गेली. घरी येईपर्यंत कुपीचं झाकण सैल झालं होतं. नेविन स्वयंपाकघरात घेवडा निवडत होती. तो तिच्यासमोर जाऊन नुसता उभा राहिला, खिशाची बाजू पुढे करून, आणि काय बोलावं ते न सुचून म्हणाला, “हात घाल.”

“काय आहे, अबूना?”

“घाल तर.”

तिने हात घातला आणि चेंगरलेली, गार, तेलकट रताळी बाहेर काढली. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग तिचे कान लाल झाले. “तुम्ही ऐकलंत,” ती म्हणाली. “सोमवारी. म्हणून परत जाऊन बेल वाजवलीत. बुटांची माती बाहेर दोनदा पडलेली मी पाहिली, आणि वाटलं, नसेल, अबूना असं करणार नाहीत.”

“लवकर सुटलो होतो. मुद्दाम नाही...”

“या घरात मला एक कपाट नाही जिथे कुणी हात घालत नाही. दिवाणखान्यात लोक, फोनवर लोक, माझ्या न्हाणीघराच्या दारापर्यंत लोक. तेवढं एक दार होतं.” तिचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं वाटलं असतं. “आणि ऐकायचंच होतं तर पूर्ण ऐकायचं. अर्धवट ऐकून रताळी काय आणता?”

“मला त्याचा राग येतो, नेविन,” तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्यालाच आश्चर्य वाटलं. “डॉक्टरचा नाही. म्हणजे, त्याचा पण. पण रऊफचा जास्त. तू त्याच्याविषयी बोलताना हसतेस.”

तिने रताळी ओट्यावर ठेवली, हात पुसला. मग म्हणाली, “डॉक्टर म्हणाले, एकदा नीट बघा, तो माणूस गेलाय की नाही. गेला असेल तर तसं म्हणा, रडून घ्या, आणि घरात जे आहेत त्यांच्याकडे वळा. अर्धं दार उघडं ठेवून माणूस बारा वर्षं उभं राहू शकत नाही, म्हणाले.”

“मग?”

“मग काय. विचार करतेय.”

“मला नुसतं रऊफ म्हण ना,” तो म्हणाला. “घरात. एकदा म्हणून बघ.” तिने तोंड उघडलं, खरोखरच प्रयत्न केला, त्याची दाढी, गळ्यातला क्रूस, कंबरेखालचा तेलाचा डाग असं सगळं बघून झालं, आणि तिने मान हलवली. “नाही येत, अबूना,” ती अगदी हळू म्हणाली. तेवढ्यात बेल वाजली. दारात कुणाची तरी आई आजारी होती.

त्या संध्याकाळच्या धुपाला अबूना बिसेंतीला प्रथमच भीती वाटली. संध्याकाळचा धूप, गेलेल्यांचा. बायकांच्या बाजूने जाताना नावं येत होती आणि तो ती घेत होता, पण डोळे तिसऱ्या बाकाच्या टोकाकडे. तिथे नेविन डोक्यावर पांढरी ओढणी घेऊन मान खाली घालून उभी होती. ती काय पुटपुटेल ते त्याला आत्ताच ऐकू येत होतं. रऊफ. एवढं म्हणायचा अवकाश, की तो माणूस म्हाताऱ्या सोनाराशेजारी जाऊन बसणार. त्यानेच आपल्या हाताने त्याला तिथे नेऊन बसवायचं. इतके दिवस ज्याचं तोंड बघायला नको होतं, त्याच्यासाठी त्याचा जीव एकाएकी कासावीस झाला. ती पुढे झुकली. “माझी आई, मार्सेल,” ती म्हणाली. दर वेळी म्हणायची तेच. तो थांबून राहिला. धूर तिच्या ओढणीवरून वर गेला, मागच्या बायका चुळबुळ करायला लागल्या, पण ती आणखी काही बोलली नाही. म्हणजे ठरलं नव्हतं, की त्याच्या हातून नको असं वाटलं होतं? तो पुढे सरकला. घरी आल्यावर दोघं शेवयांची खीर खाऊन मुलींच्या अभ्यासाविषयी बोलली. रताळी ओट्यावर नव्हती. तिने टाकली की खाल्ली, हे विचारायचं त्याला धाडस झालं नाही.

शुक्रवारी सकाळी चर्च भरून वाहत होतं, सुट्टीचा दिवस. आजाऱ्यांचा आणि प्रवाशांचा धूप. कुवेतवाल्याच्या बायकोने नवऱ्याचं नाव घाईने उरकलं, मादाम सोहेरने स्वतःच्याच गुडघ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितली. तो नेविनपाशी आला. काल रात्रभर विचार करून त्याने ठरवलं होतं की ती काहीही बोलली तरी समितीत जाऊन मान हलवायची. उगाच त्रास नको, पियानो वर गेला की सगळं पूर्वीसारखं. त्याने सवयीने तिच्या डोक्यावर क्रूस ठेवला. तिने मान वर केली. इतक्या जवळून तिने त्याच्याकडे बघून किती दिवस झाले होते! “रऊफ, अबूना,” ती त्याच्या कानाशी पुटपुटली. “प्रवासात आहे. लांब गेलाय. कधी येईल माहीत नाही, पण आठवण ठेवा.”

मागून कुणीतरी हळूच ढकललं म्हणून तो चालू लागला. पाय चालत होते. पुरुषांच्या बाजूला पहिल्याच बाकावर वगीह होता, तो पुढे झुकला, आणि आजाऱ्याचं नाव सांगावं तशा गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “खोलीचं, अबूना. तेवढं लक्षात असू द्या.”

“पियानो जिन्यातच राहील,” अबूना बिसेंती म्हणाला.

“अं?”

“डॉक्टर वरच बसतील. पुढे हो, मागे लोक आहेत.”

वेदीपाशी येऊन त्याने निखाऱ्यांवर धूप टाकला. नावं ठेवायची होती. मूत्रपिंडाचा आजारी ठेवला, मादामचे गुडघे ठेवले, कुवेतवाला ठेवला. मग जे प्रवासाला गेले आहेत त्यांना सुखरूप घरी आण, असं म्हणायच्या जागी तो अडखळला. इतकी वर्षं हे म्हणताना आपण घरात उभे आहोत आणि बाहेर दुसरं कुणीतरी आहे, असं त्याने धरून चालवलं होतं. नेविन वाट बघणार होती, आणि अजूनही त्याची नाही, त्या दुसऱ्याची. पण आता त्या माणसाला गावाबाहेर अडवून धरणं त्याच्या हातात राहिलं नव्हतं. त्याने डोळे मिटले आणि मोठ्याने, वेदीजवळच्या सेवकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, ते नाव घेतलं. सेवकाने चमकून वर पाहिलं. कुवेतवाल्याचं नाव तर आत्ताच घेऊन झालं होतं. चर्चमध्ये आणखी दोन-तीन रऊफ होते, त्यांतला कुठला गावाला गेलाय, हे त्याला काही केल्या आठवेना.